दिवस पहिला, वर्धा दर्शन

चावी माझ्या मुठीत होती आणि सासरा अंगणात उभा होता, तोंडी परीक्षेला आलेल्या पोरासारखा. दाढी केलेली, शर्टाला इस्त्री, खिशात दोन पेन. गाडी चालवायला दोन पेन कशाला लागतात ते मी विचारलं नाही.

"आजचा दिवस," मी म्हणाले. "आज फक्त वर्धा. नीट चालवली तं उद्या पाचले निघू. नाई तं गाडी इकून टाकतो. मंग त्या गाडीचं नाव काढाचं नाई कोणी."

"हाव," ते म्हणाले.

सासऱ्याला असं बोलणारी सून नाचणगावात दुसरी नाही. असेल तर ती दार लावून बोलत असेल. मी अंगणात बोलले. शेजारच्या भिंतीमागे भांडी घासायचा आवाज थांबला होता, म्हणजे ऐकणारे ऐकत होते. ऐकू देत.

माझा नवरा प्रफुल्ल सप्टेंबरात वारला. वय चौतीस. जिल्हा परिषदेत क्लार्क. गाडी त्यानं घेतली आणि माझ्या नावावर केली. आई-बापाला बोधगया दाखवायची, तिथून सारनाथ, कुशीनगर, लुंबिनी, श्रावस्ती आणि परत, अठरा दिवस, सगळं आपल्या गाडीनं. त्याची यादी त्यानं मोबाईलमध्ये करून ठेवली होती. दिवस पहिला, वर्धा दर्शन. दिवस दुसरा, पहाटे पाचला प्रस्थान. प्रस्थान हा शब्द त्याचाच. ऑफिसात राहून राहून माणूस घरीसुद्धा टिपणी लिहितो.

वर्धा कशाला, असं मी तेव्हा विचारलं होतं. तो म्हणाला, दुनिया पाहाले निघालो अन् जिल्ह्याचं गाव पाह्यलं नाई, लोक दूरदेशाहून इमानानं येतात ते पाहाले. खरं होतं ते. मी सावंगीला दवाखान्याच्या लॅबमध्ये काम करते. वर्धा माझ्या खिडकीतून दिसतं. सेवाग्रामला मी कधी गेले नव्हते. सासरे प्रेमदास, एस. टी.त एकतीस वर्षं ड्रायव्हर. सेवाग्रामच्या फाट्यावर त्यांनी किती माणसं उतरवली याची गणती नाही. स्वतः कधी उतरले नाहीत. सासू अन्नपूर्णा म्हणायची, मी वर्ध्यात दोनच जागा पाह्यल्या, कोर्ट अन् कापडाचं दुकान.

आता ज्याच्यासाठी परीक्षा होती ते सांगते. लपवायचं काही नाही, गावाला माहीतच आहे.

त्या दिवशी सकाळी साडेनऊला प्रफुल्ल बूट घालता घालता खाली पडला. सासू विहारात गेली होती. मी आणि शेजारच्या हरिदासनं त्याला उचलून गाडीत मागच्या सीटवर टाकलं. त्याचं डोकं माझ्या मांडीवर. सासरे स्टिअरिंगवर बसले. इंजिन चालू झालं. आणि गाडी हलली नाही. मी ओरडत होते. माणूस मरताना बायको जशी ओरडते तशी. गाडी जागेवर घरघरत होती आणि हा माणूस दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर पाहत होता. पाच मिनिटं, सहा मिनिटं. शेवटी हरिदासनं आपला ऑटो आणला, आम्ही प्रफुल्लला त्यात घातलं. पुलगावच्या डॉक्टरनं डोळ्यांत टॉर्च मारला आणि म्हणाला, थोडं आधी आणलं असतं तर काही सांगता आलं असतं.

थोडं आधी. हे दोन शब्द मी घरी घेऊन आले आणि सासऱ्याच्या नावावर लिहून टाकले.

गावानंही लिहिले. एकतीस वर्षं एस. टी. हाकलली अन् पोराच्या टायमाले पाय लटपटले, असं लोक त्यांच्या तोंडावर म्हणाले. ते ऐकून घेत. सासूनं त्यांच्याशी बोलणं टाकलं. अगदी टाकलं. एका घरात, एका चुलीवर, चार महिने. काही सांगायचं असलं की मला सांगायची. "त्याईले म्हणा, पाणी तापलं." ते तिथंच बसलेले असायचे.

आणि मी? मला काही होत नव्हतं. बाया यायच्या, गळ्यात पडायच्या, रडायच्या, आणि पदराआडून पाहायच्या की माझे डोळे ओले झाले का. नाही झाले. चौथ्या दिवशी पुण्यानुमोदनाचा विधी झाला, मी लोकांना वाढलं. पंधराव्या दिवशी ड्युटीवर गेले. दिवसभर लोकांचं रक्त नळ्यांमध्ये येतं, मशीनमध्ये जातं, आकडे बाहेर येतात. मी ते बरोबर करत होते. एकही रिपोर्ट चुकला नाही. लोक म्हणाले, पोरगी घट्ट आहे. घट्ट नव्हते. इंजेक्शन दिल्यावर दात काढतात तेव्हा जबड्याला कसं कळतं की काहीतरी चाललंय, पण दुखत नाही, तसं होतं. फक्त ते उतरत नव्हतं.

मग जानेवारीत सासरे म्हणाले, "त्याची यादी आहे. जाऊन येऊ का?"

मी म्हणाले, "कोण चालवणार?"

ते म्हणाले, "मी."

मला हसू आलं असतं तर मी हसले असते.

सासू गाडीत मागे बसली. मी तिच्या शेजारी. पुढच्या सीटवर कोणी बसलं नाही. असं काही ठरलं नव्हतं, पण मी मागचं दार उघडलं, तिनंही मागचंच उघडलं, आणि पुढच्या सीटवर डब्याची पिशवी गेली. प्रफुल्लचा मोबाईल डॅशबोर्डवर लावला होता, रस्ता त्यात होता. सिम तेच. रिचार्ज सासू करवून घेते. माझा मोबाईल चार्जिंगला लावला.

सासऱ्यांनी इंजिन चालू केलं. आरसा पाहिला. बसून राहिले.

मला वाटलं, झालं. परीक्षा इथंच संपली.

तेवढ्यात सासूनं पुढच्या सीटच्या पाठीवर बोटांच्या पेरांनी दोनदा ठकठक केलं. गाडी निघाली. लोण्यातून सुरी जावी तशी.

"हे काय?" मी विचारलं.

"घंटी," सासू म्हणाली. "एक म्हणजे थांब, दोन म्हणजे चाल. कंडक्टरनं दोन घंट्या देल्याबिगर याईची गाडी कधी हालली का? लग्नानंतर मले स्कूटरवर बसोलं तं मी बसली अन् हे निघतच नाईत. पाठीवर दोन बुक्के मारले तवा गेली."

सासरे आरशात हसल्यासारखे दिसले. सासूनं मान खिडकीकडे वळवली.

मान्य करायला पाहिजे, गाडी उत्तम चालवत होते. क्लच कुठं दाबला, गिअर कुठं बदलला, कळत नव्हतं. खड्डा यायच्या आधी गाडीला तो माहीत असायचा. एकच भानगड. जिथं जिथं थांबा होता तिथं त्यांचा पाय आपोआप सैल व्हायचा. देवळीच्या अलीकडे फाट्यावर एका म्हाताऱ्यानं हात दाखवला आणि यांनी गाडी लावली. म्हाताऱ्यानं दार उघडलं, डब्याची पिशवी मांडीवर घेऊन पुढच्या सीटवर बसला.

"देवळी एक," तो म्हणाला.

काय बोलणार? देवळीला तो उतरला, "लय भलं झालं बापा, आता अशा बी गाड्या काढल्या का एस. टी.नं," म्हणाला आणि गेला.

सासू तोंडाला पदर लावून हलत होती. हसत होती. चार महिन्यांत पहिल्यांदा. मी आरशात सासऱ्यांकडे पाहिलं, त्यांनीही ते पाहिलं होतं. आणि मला वाटलं की मला राग यावा. तोही नीट आला नाही.

सेवाग्रामला शाळेच्या सहली आल्या होत्या. चपला काढल्या. मातीच्या भिंती, शेणानं सारवलेली जमीन, खाली वाकून आत जायचं. मी पाहिलं. पाहिलं म्हणजे माझ्या डोळ्यांसमोरून गेलं. बिछाना, चरखा, टेलिफोनची पेटी. एका कोपऱ्यात साप पकडायचा लाकडी चिमटा आणि पिंजरा ठेवला होता. सासरे तिथं बराच वेळ थांबले.

"मारत नव्हते म्हणते साप," ते म्हणाले. "पकडून दूर नेऊन सोडत."

"सापाले बी जागा होती," सासू माझ्याकडे पाहून म्हणाली. "आमच्या सासऱ्याले मात्र गावातल्या विहिरीवर जागा नव्हती. त्याईले म्हणा, चला आता, ऊन होऊन राह्यलं."

"आई, इथं तसं नव्हतं. इथं सगळे एका पंगतीत जेवत."

"इथं जेवत. नाचणगावात कोण जेवलं?"

याचं उत्तर कोणाकडेच नाही, म्हणून लोक अशा जागी हळू आवाजात बोलतात.

झाडाखालच्या ओट्यावर पुण्याकडचं एक जोडपं बसलं होतं. बाईंनी स्वतःच नाव सांगितलं, पद्मा. शिक्षिका होत्या. नवरा फोटोत अख्खं झाड मावतं का ते पाहत होता. "तुम्ही इथल्याच का? किती भाग्यवान! रोज येत असाल. किती शांत वाटतं ना इथं?"

"पहिल्यांदाच आली," मी म्हणाले. "अन् मले चार महिन्यांपासून शांतच वाटून राह्यलं."

"अरे वा! ध्यान करता?"

"नवरा मेला."

बाई उठल्याच. मला वाईट वाटायला हवं होतं. नाही वाटलं. शांततेचा एवढा शौक असलेल्यांना ती असते कशी तेही माहीत असावं.

तिथून आम्ही वर्ध्याच्या बौद्ध स्तूपावर गेलो. पांढरा, मोठा, उन्हात डोळे मिटायला लावणारा. सासूनं चारही बाजूंच्या मूर्तींसमोर वंदना घेतली, गुडघे दुखत असताना चार वेळा बसली, चार वेळा उठली. सासरे पायऱ्यांवर गाडीकडे तोंड करून बसून राहिले. जुनी सवय, गाडी नजरेआड करायची नाही.

"काही मागितलं का?" मी सासूला विचारलं.

"आपल्यात मागत नसतेत."

"ते मले मालूम आहे."

"तरी मागतलं मी," ती म्हणाली. "काय मागतलं ते नको विचारू. तुह्या सासऱ्यासाठी नाई मागतलं येवढं सांगतो."

डबा तिथंच खाल्ला. पोळ्या आणि वांग्याची भाजी. सासूनं दोन घास खाऊन डबा माझ्याकडे सरकवला. "त्याईले म्हणा, उरलं ते संपवा."

पवनारला पोचलो तेव्हा अडीच वाजले होते. यादीतली शेवटची जागा. सासू म्हणाली मी पडते जरा, माझ्यानं आता पायऱ्या होत नाहीत, आणि मागच्या सीटवर तोंडावर शाल घेऊन आडवी झाली. सासरे स्टिअरिंगवरच बसून राहिले. मी एकटी खाली नदीवर गेले. मोबाईल चार्जिंगला लावलेलाच राहिला.

धाम नदी जानेवारीत अर्धी खडक असते आणि अर्धी पाणी. मी खडकावर बसले. पायऱ्यांवर तानाबाई नावाची बाई टोपलीत उकडलेले शिंगाडे घेऊन बसली होती. नाव तिनंच सांगितलं, मी विचारलं नव्हतं. मला उठायचं होतं पण उठवत नव्हतं. अर्धा तास गेला असेल.

मग वर पाहिलं. गाड्या लावायच्या जागी सहलीची एक बस येऊन अडली होती. शिटी घेतलेला एक माणूस गाड्या पुढं मागं करत होता. तो आमच्या गाडीमागे आला आणि डिकीवर तळहातानं थापा मारल्या. दोन.

गाडी निघाली.

मला वाटलं बसला जागा देत असतील, वळवून आणतील. गाडी वळली, रस्त्याला लागली, उजव्या हाताचं इंडिकेटर दाखवलं आणि वर्ध्याच्या दिशेनं निघून गेली. मागं किती माणसं बसली हे पाहायचं काम ड्रायव्हरचं नसतं. ते कंडक्टरचं. एकतीस वर्षं त्या माणसानं मान मागे वळवली नव्हती.

मी ओरडले नाही. हाक मारली असती तर कदाचित ऐकू गेली असती, काच उघडी होती. पण सप्टेंबरानंतर माझा आवाज वर चढलाच नव्हता. मी उभी राहिले आणि पाहत राहिले.

"गेले वाटते तुमचे लोकं," तानाबाई म्हणाली.

"हाव."

"भांडण झालं का?"

"नाई. इसरले."

"बायकोले इसरला?"

"सासरा होता. नवरा नाई."

"बापा! सुनेले इसरून गेला? मुद्दाम गेला असन बाई तो. माह्या सासऱ्यानं मले यात्रेत सोडलं होतं, दोन वेळा." तिनं पदरात हात घालून मोबाईल काढला. "घे, फोन लाव."

मी हातात घेतला. आणि लक्षात आलं की मला एकच नंबर पाठ आहे. सासूचा नाही, सासऱ्यांचा नाही, माझ्या बहिणीचाही नाही. बाकी सगळे मोबाईलमध्ये. पाठ फक्त प्रफुल्लचा. लग्न ठरल्यावर वहीच्या मागच्या पानावर लिहून पाठ केला होता.

तानाबाई पाहत होती. "काय झालं? नंबर नाई का?"

मी नंबर लावला. तो फोन गाडीतच होता, डॅशबोर्डवर. त्यात एवढं विचार करण्यासारखं काही नव्हतं. तरी दहाही आकडे दाबायला वेळ लागला.

बराच वेळ वाजला. मग उचलला.

"हॅलो," सासूचा आवाज. झोपेतला.

मी बोलायच्या आत ती पुढं बोलली. सवयीचं बोलत असल्यासारखी, न थांबता. "प्रफुल्ल घरी नाई ना भाऊ. बाहीर गेला तो. आला का सांगतो त्याले. कोणाचा फोन आला म्हणून सांगू?"

मी मोबाईल कानाला धरून उभी होते. नदीवर शाळेची पोरं दगड फेकत होती.

चार महिने. जो कोणी त्या नंबरवर फोन करत होता, बँकेचा, ऑफिसचा, कोणी जुना मित्र, त्या सगळ्यांना ही बाई हेच सांगत होती. बाहेर गेला. आला की सांगते. मला वाटायचं ती सिमचं रिचार्ज फोटोंसाठी करते.

"आई," मी म्हणाले. "मी मोनाली."

"मोनाली? तू तं…" आणि तिचं शेजारच्या सीटकडे लक्ष गेलं असावं, कारण पुढचं मी फक्त ऐकलं. किंकाळी. मग टायर घासल्याचा आवाज. मग एका ट्रकचा हॉर्न, लांबलचक, जवळ येत गेलेला आणि दूर गेलेला.

फोन कटला.

मी मोबाईल परत दिला. तानाबाईनं कागदात दहा-बारा शिंगाडे बांधले आणि हातात कोंबले. पैसे घेईना. "खा," म्हणाली. "तोंड पांढरं पडलं तुहं."

वीस मिनिटांनी गाडी आली. दोघंही धड होती. सासरे खाली उतरले आणि माझ्यासमोर उभे राहिले, हात कुठं ठेवावे ते न कळून. शर्टाची इस्त्री घामानं मोडली होती.

"चूक झाली बाई," ते म्हणाले. "वर्ध्याच्या अलीकडे गेलतो. मागून दोन घंट्या वाजल्या, मले वाटलं हे उठली अन्…" आणि त्यांनी खिशातून काही काढायचा प्रयत्न केला, तिथं काही नव्हतं, पेनच होते. "नापास ना?"

मी मागचं दार उघडून बसले. चार किलोमीटर तसेच गेले.

मग सासू माझ्याकडे वळली आणि सुरू झाली. "इसरला तं इसरला, मले मारतच होता आज हा माणूस. तू फोनवर बोलली, अन् माह्या तोंडातून आवाज निघाला. तं असा ब्रेक मारला, असा ब्रेक मारला, भर रस्त्यात! मागं ट्रक. तो बिचारा हुशार म्हणून बाजूनं काढला. अन् हा ब्रेकवर पाय देऊन बसला तो बसलाच. मी म्हणतो… म्हणजे मनातल्या मनात म्हणतो, अरे बाजूले तं घे! त्याईले म्हणा, आवाज झाला तं गाडी बाजूले घेत असतेत, जागेवर उभी करत नसतेत."

"आवाज नाई," सासरे समोर पाहत म्हणाले. "आवाज येगळा. गाडीत बाईमाणूस ओरडलं म्हणजे कोणीतरी चाकाखाली असते. दारातून पडलं असते. पोर्गं खिडकीतून लोंबत असते. ओरडणं आलं का पाय ब्रेकवर, अन् ओरडणं बंद होऊन घंटी पडेपर्यंत उचलाचा नाई. शिकोलं तेच हाय. मुंगीएवढा बी पाय उचलला अन् चाकाखाली कोणी असलं तं?"

"त्याईले म्हणा, हे एस. टी. नोहोय."

"ते पायाले नाई समजत ना."

मी आरशात त्यांच्याकडे पाहिलं. त्यांनी नजर काढून घेतली. घाईनं. नको ते सामान उघडं पडल्यावर माणूस जसा त्यावर कापड टाकतो तशी.

तेव्हा कळलं.

कळलं म्हणजे कोणी सांगितलं नाही, वीजही पडली नाही. एका नळीत दोन थेंब टाकले आणि रंग बदलला. एवढंच.

मी ओरडत होते. इंजिन चालू होतं. त्यांचा पाय ब्रेकवर होता. मी जितकी ओरडले तितका तो पाय दाबला गेला. सहा मिनिटं. एकदा जरी मी गप्प बसले असते. एकदा जरी सीटवर दोन थापा मारल्या असत्या.

"बाबा," मी म्हणाले. "गाडी साईडले घ्या."

त्यांनी इंडिकेटर दिलं, आरसा पाहिला, अलगद घेतली. बाजूला कपाशीचं रान होतं, वेचून झालेलं, काड्याच उभ्या.

"त्या दिवशी मी ओरडत होती," मी म्हणाले.

"जाऊ दे ना बाई."

"तुम्हाले मालूम होतं."

"जाऊ दे म्हणतो ना."

सासू माझ्याकडे पाहायला लागली, मग त्यांच्या पाठीकडे. तिला अजून कळलं नव्हतं. मी गप्प राहिले असते तर कधीच कळलं नसतं. तिघांच्या त्या घरात एकच माणूस वाईट होता आणि ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. माझ्याही. सगळ्यात जास्त माझ्याच. पण खोट्या रिपोर्टवर मी सही करत नाही.

"आई, त्या दिवशी बाबा घाबरले नव्हते. तुम्ही आत्ता ओरडल्या अन् गाडी उभी राह्यली, तसंच झालं तेव्हा. मी ओरडत होती. माझ्यामुळं गाडी निघाली नाई."

एक ट्रॅक्टर गेला. त्याच्यावर गाणं लावलेलं होतं.

"तिचं नको ऐकू," सासरे सासूला म्हणाले. "ते काईबी बोलून राह्यली. माह्याच पायात जीव नव्हता."

"तुमी चूप बसा," सासू म्हणाली.

चार महिन्यांत तिनं नवऱ्याला उद्देशून काढलेले हे पहिले शब्द.

ती सरळ बसली. शाल घडी केली, मांडीवर ठेवली, पुन्हा उलगडली. "कवापासून मालूम तुमाले?"

"त्याच दिवशी. दवाखान्यात बाकड्यावर बसलो होतो तवा पायानं सांगतलं."

"मंग मले काऊन नाई सांगतलं?"

"कवा सांगू? तू बोलत होती का?"

"मंगचं नका सांगू. त्या दिवशीच काऊन नाई सांगतलं? लोकं तोंडावर थुकून राह्यले होते तुमच्या. तवा?"

सासऱ्यांनी स्टिअरिंगवरची धूळ अंगठ्यानं पुसली. नव्हतीच धूळ. "सांगतलं असतं तं तू पोरीले ठेवलं असतं का घरात?"

सासूनं खोटं बोलावं असं मला त्या वेळी वाटलं. फक्त तेवढंच वाटलं, दिवसभरात.

"नाई," ती म्हणाली. "काढलंच असतं. त्याच दिवशी. तळेगावले हिच्या मायच्या दारात नेऊन उभं केलं असतं."

"म्हणून," सासरे म्हणाले.

मी माझ्या मांडीवरच्या कागदाच्या पुडीकडे पाहत होते. शिंगाडे अजून कोमट होते. मला वाटलं आता काहीतरी होईल. छातीत, घशात, कुठंतरी. जे चार महिने आलं नाही ते आता येईल, एवढं कारण मिळाल्यावर तरी. नाही आलं. मी वाट पाहिली, आणि मग वाट पाहणं सोडून दिलं. एक मात्र झालं. इतके दिवस सासऱ्याकडे पाहिलं की जे थोडं गरम व्हायचं, ज्याला मी राग म्हणत होते, तेही गेलं. आता तिथं काहीच नव्हतं. माणूस रागाला धरून किती दिवस उभा असतो ते तो गेल्यावर कळतं.

"मंग आता?" मी विचारलं. "आता काढणार का?"

सासूनं माझ्याकडे पाहिलं नाही. ती खिडकीतून कपाशीच्या काड्या पाहत होती.

"आता उद्या पाचले निघाचं हाय," ती म्हणाली.

"मी पण?"

"गाडी तुह्या नावावर हाय. रस्त्यात पोलिसानं इचारलं तं कोणाले दाखवू?"

ही माफी नव्हती. मी ती मागितलीही नव्हती, आणि तिनं दिली असती तर मी ती कुठं ठेवली असती मला माहीत नाही. पोलिसानं विचारलं तर दाखवायला. ठीक आहे. इतकं पुरे.

सासू खाली उतरली. मला वाटलं तिला उलटी येतेय, तिला गाडी लागते कधीकधी. ती गाडीला वळसा घालून आली, पुढचं दार उघडलं, पिशवी खाली पायाशी टाकली आणि नवऱ्याशेजारी बसली. पट्टा कसा लावायचा ते तिला येत नव्हतं. सासऱ्यांनी हात लांब करून लावून दिला. तिनं लावू दिला.

"अन् हे पाहा," ती त्यांना म्हणाली, "अठरा दिवस मी दर ठिकाणी माणसं मोजीन. तुमी फक्त समोर पाहा."

"हाव."

"अन् फाट्यावर कोणी हात दाखवला तं थांबाचं नाई."

"म्हाताऱ्या माणसाले बी नाई?"

सासूनं विचार केला. "पाहू," ती म्हणाली.

वर्धा गेलं, सावंगी गेलं. माझ्या लॅबच्या खिडकीत उजेड होता, दुसरी कोणी ड्युटीवर होती. मी शिंगाडे सोलले, दोन पुढं दिले, दोन मी खाल्ले. चव कळली की नाही ते आठवत नाही. देवळीच्या पंपावर सासऱ्यांनी गाडी लावली आणि टाकी फुल्ल करून घेतली.